जीन्स किती दिवसांनी धुवायची? कपडे, जंतू आणि भीतीचा इतिहास

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं बोललो, बऱ्यापैकी तसंच ठेवलंय.)

आजचा प्रश्न एकदम घरगुती आहे. जीन्स किती दिवसांनी धुवायची? टी-शर्ट एकदा घातला की टाकायचाच का मशीनमध्ये? टॉवेल? बेडशीट? आणि रूमवर चार जण राहत असतील तर या विषयावरून जी भांडणं होतात ती वेगळीच.

गूगल केलंत तर एक जण सांगेल रोज धुवा, दुसरा सांगेल दहा वेळा घाला. मधे एखादी जाहिरात येईल आणि सांगेल की तुमच्या कपड्यांवर लाखो जंतू बसलेत, आमची पावडर घ्या. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण ऑफिसमध्ये एक सवय लागलीये. दोन माणसं एकाच गोष्टीवर ठामपणे वेगवेगळं बोलत असतील, तर आधी जुने लॉग काढायचे. कधी काय बिघडलं होतं, कशामुळे बिघडलं होतं, आणि तेव्हा लोकांना कशामुळे बिघडलं असं वाटलं होतं.

तर आज तेच करू. कपडे आणि रोगराई यांचे जुने लॉग. यात एक इंग्लंडमधलं खेडं आहे, लिव्हरपूलची एक बाई आहे, ट्युनिसचा एक दवाखाना आहे, आपला धोबी तलाव आहे आणि बिब्बासुद्धा आहे. चला.

कपड्यातून रोग येतो, ही कल्पना जंतूंपेक्षा जुनी

आपल्याला वाटतं की आधी जंतूंचा शोध लागला आणि मग लोक कपड्यांना घाबरायला लागले. उलट आहे. १५४६ मध्ये इटलीतल्या जिरोलामो फ्राकास्तोरो नावाच्या वैद्याने संसर्गावर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की रोग तीन प्रकारे पसरतो: थेट स्पर्शाने, लांबून, आणि वस्तूंमधून. कपडे, अंथरूण, लाकूड अशा वस्तूंमध्ये रोगाचं बीज दडून राहतं. या वस्तूंसाठी त्याने जो लॅटिन शब्द वापरला त्याचा मूळ अर्थ आहे आग पेटवायचं वाळकं सरपण. म्हणजे कपडा स्वतः आग नाही, पण ठिणगी धरून ठेवतो. सूक्ष्मदर्शकाच्याही आधी सुचलेली कल्पना आहे ही. भारी आहे ना?

आता याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये ईम नावाचं एक गाव आहे. १६६५ साल. लंडनमध्ये प्लेग चालू. गावात परंपरेने सांगतात ती गोष्ट अशी की लंडनहून तिथल्या शिंप्याकडे कापडाची पेटी आली. कापड दमट होतं, म्हणून जॉर्ज विकर्स नावाच्या माणसाने ते शेकोटीपुढे वाळत टाकलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात विकर्स गेला. मग गाव आजारी पडायला लागलं. पाद्री विल्यम मॉम्पेसनच्या सांगण्यावरून गावाने पुढे स्वतःलाच कोंडून घेतलं, म्हणजे बाहेरच्या गावांत रोग जाऊ नये. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसं गेली.

आता डीबग करा. गोष्ट खरी धरली तर दोष कापडाचा होता का? प्लेगचा जंतू पिसवांच्या पोटात असतो. कापडाच्या घडीत पिसवा होत्या, शेकोटीच्या उबेने त्या जाग्या झाल्या. म्हणजे कापड हे फक्त वाहन होतं, प्रवासी वेगळाच होता. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे मुंबई-पुण्यात नेमका हाच फरक न कळल्यामुळे काय झालं ते येणार आहे.

स्वच्छ म्हणजे काय? पांढरी कॉलर!

त्या काळचा युरोप कपडे किती वेळा धुवायचा? सोळाव्या-सतराव्या शतकात तिथल्या बऱ्याच लोकांना आंघोळीचीच भीती होती. गरम पाण्याने त्वचेची छिद्रं उघडतात आणि रोग आत शिरतो, असा समज. मग स्वच्छ राहायचं कसं? आतला लिननचा सदरा बदलून. लिनन घाम आणि मळ शोषून घेतं, म्हणून अंग न धुता सदरा बदलला की माणूस स्वच्छ! बाहेर दिसणारी पांढरीशुभ्र कॉलर आणि बाह्या म्हणजे स्वच्छतेचं सर्टिफिकेट. वरचा लोकरीचा कोट बहुतेक वेळा नुसता झटकायचा आणि ब्रशने साफ करायचा.

आणि गंमत म्हणजे फ्रान्सच्या खेड्यांत मोठं धुणं वर्षातून दोनदा वगैरे निघायचं. लाकडाची राख, उकळतं पाणी, नदी, आणि कित्येक दिवसांचं काम. त्यामुळे ज्याच्या घरात जास्त चादरी आणि सदरे, तो श्रीमंत. सहा महिने न धुता निभावता आलं पाहिजे ना! म्हणजे तेव्हा क्वचित धुणं ही ऐपतीची खूण होती. आज बरोबर उलटं आहे.

आपल्याकडे गणित वेगळं होतं. उष्ण हवा, सुती कपडे, नदीचा घाट, रिठा, खार. रोज धुणं सोपं होतं, निदान जिथे पाणी होतं तिथे. पण आपल्याकडे स्वच्छतेच्या वर अजून एक लेयर होता, सोवळ्याचा. रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी रोज न धुताही सोवळ्यात चालायची. आणि परटाने भट्टीत घालून, आपटून, वाळवून, घडी करून आणलेला सुती कपडा मात्र अनेक घरांत पुन्हा पाण्यातून काढल्याशिवाय सोवळ्यात चालत नसे. का? तर परटाचा हात लागला म्हणून.

थांबून विचार करा यावर. जंतूंच्या हिशोबाने त्या घरातला सगळ्यात सुरक्षित कपडा कदाचित तोच होता, कारण तो वाफेतून आणि उन्हातून गेला होता. पण ज्या माणसाने तो स्वच्छ केला, त्याच्याच हातामुळे तो ओवळा ठरायचा. बारा बलुतेदारांतला एक परीट. गावाचा मळ त्याने काढायचा, बलुतं म्हणून धान्य घ्यायचं आणि पायरी मात्र खालची. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात अशाच एका परीट घरात डेबूजी जन्माला आला, ज्याला आपण गाडगेबाबा म्हणून ओळखतो. पुढे त्यांनी खराटा घेऊन अख्खी गावं झाडली आणि संध्याकाळी कीर्तनातून डोकी झाडली. शुद्ध आणि स्वच्छ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

लिव्हरपूल, १८३२: एक बाई आणि एक तांब्याचा बंब

आता माझी या भागातली सगळ्यात आवडती व्यक्ती. किटी विल्किन्सन. आयर्लंडमध्ये जन्मली, लहानपणी लिव्हरपूलला आली. गरीब कामगार वस्ती. १८३२ मध्ये शहरात कॉलरा आला. जंतू, बॅक्टेरिया हे शब्द कोणाला माहीत नाहीत. डॉक्टर म्हणत होते की घाणेरड्या हवेतून रोग येतो.

किटीच्या घरी कपडे उकळायचा बंब होता. त्या गल्लीत तशी सोय बाकी कोणाकडे नव्हती. तिने शेजारणींना सांगितलं, या, तुमच्या घरातल्या आजाऱ्यांचे कपडे आणि अंथरुणं इथे आणून धुवा. आठवड्याला एक पेनी. ब्लीचिंग पावडर टाकायची, उकळायचं, वाळवायचं.

विचार करा, तिच्याकडे थिअरी नव्हती. पण तिने जे केलं ते जवळजवळ अचूक होतं. कॉलऱ्याचा जंतू उकळत्या पाण्यात टिकत नाही, क्लोरीनमध्ये टिकत नाही, आणि कोरडं पडलं तरी फार तग धरत नाही. तिन्ही उपाय एकाच स्वयंपाकघरात. श्रीमंत घरातल्या काही लोकांनी मदत केली, आणि दहा वर्षांनी, १८४२ मध्ये, लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक धुणंघर उघडलं. पुढे किटी आणि तिच्या नवऱ्याकडेच ते चालवायचं काम आलं. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदाच केला, ज्यामुळे नगरपालिकांना सार्वजनिक स्नानगृहं आणि धुणंघरं बांधता येऊ लागली. २०१२ मध्ये लिव्हरपूलच्या सेंट जॉर्ज हॉलमध्ये किटीचा संगमरवरी पुतळा बसला. त्या हॉलमध्ये सगळे पुरुषांचे पुतळे होते, हा पहिला बाईचा.

यातून मला एक गोष्ट जाणवते. गरिबांना स्वच्छतेची अक्कल नाही, असं तेव्हाचे मोठे लोक म्हणत होते. किटीने दाखवलं की अक्कल आहे, बंब नाही.

लंडन, १८५४: धुतल्यामुळे पसरलेला रोग

आता बरोबर उलटी केस. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि डॉक्टर जॉन स्नो, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. सोहो भागात कॉलऱ्याने सहाशेच्या वर माणसं गेली. स्नोने मृत्यू कुठे झाले ते पाहिलं, बहुतेक एका पंपाभोवती जमलेले दिसले, ८ सप्टेंबर १८५४ ला पंपाचं हँडल काढलं. इथपर्यंत सगळे सांगतात.

पण सुरुवात कुठून झाली? ते शोधलं हेन्री व्हाइटहेड नावाच्या तरुण पाद्र्याने, पुढच्या वर्षी. पंपाला अगदी लागून असलेल्या ४० नंबरच्या घरात लुईस कुटुंब राहायचं. त्यांची काही महिन्यांची मुलगी ऑगस्टच्या शेवटी आजारी पडली. आई काय करणार? बाळाची दुपटी बादलीत खळबळली आणि ते पाणी घरापुढच्या तळघरातल्या शौचखड्ड्यात ओतलं. खड्ड्याच्या विटा निखळलेल्या, आणि विहीर तिथून तीन फुटांच्या आत.

म्हणजे बघा, त्या माउलीने चूक काहीच केली नाही. कपडे धुतले, लगेच धुतले. फक्त धुतल्यावर पाणी कुठे जातं हे तिच्या हातात नव्हतं. आणि अजून एक गोष्ट. ज्या दिवशी हँडल काढलं, त्याच दिवशी त्या बाळाच्या वडिलांना कॉलरा झाला. त्यांचेही कपडे त्याच खड्ड्याकाठी धुतले जाणार होते. हँडल जागेवर असतं तर दुसरी लाट आली असती.

दोन्ही केस शेजारी ठेवा. लिव्हरपूलला धुतल्याने रोग थांबला, लंडनला धुतल्याने पसरला. मग उत्तर धुवा की धुवू नका? प्रश्नच चुकतोय आपला. विचारायला हवं की कपड्यावर नेमकं काय आहे, ते कशाने मरतं, आणि ते धुतल्यावर कुठे जातं.

मुंबई आणि पुणे, १८९६-९७: जंतू कळला, वाट कळली नाही

आता आपल्या घरी येऊ. सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगास यांनी प्लेगचं निदान केलं. व्हिएगास मूळचे गोव्याचे. धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, कधी गेलात तर बघा. आणि हो, धोबी तलाव म्हणजे खरंच धोब्यांचा तलाव होता. तलाव बुजला, नाव राहिलं.

तर प्लेग. यावेळी परिस्थिती वेगळी होती. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू सापडला होता. म्हणजे गुन्हेगाराचा फोटो हातात होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा, हे माहीत नव्हतं. मग सरकारने सगळ्याच शक्यतांवर हल्ला चढवला. घरं कार्बोलिक ॲसिडने धुतली, भिंतींना चुना फासला, छपराची कौलं काढली म्हणजे ऊन आत येईल. आणि कपडे, अंथरुणं, गोधड्या बाहेर काढून जाळल्या.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. हाच तो कायदा, जो २०२० मध्ये आपल्यालाही लागू झाला. पुण्यात वॉल्टर रँडच्या प्लेग कमिटीने घर-तपासणीला गोरे सैनिक लावले. माजघरात, देवघरात बूट घालून शिरणं, बायकांची तपासणी, सामान रस्त्यावर फेकणं, जाळणं. याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत झाला. चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हा भाग शाळेत आपण शिकतोच.

शाळेत जे राहून जातं ते हे की जाळलेली गोधडी कोणाची होती. ज्याच्या घरात दोनच अंथरुणं आहेत, त्याची दोन्ही अंथरुणं गेली. आणि एवढं करून फायदा? १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्रयोगाने दाखवलं की प्लेग उंदरावरून पिसवेमार्फत जातो. सुरुवातीला त्याचं फारसं कोणी ऐकलं नाही. मग १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने ते पक्कं केलं. म्हणजे घर उकरलं की उंदीर शेजारच्या घरात पळायचा आणि पिसवा सोबत घेऊन जायचा.

त्याच काळातली दुसरी बाजूही सांगतो. सावित्रीबाई फुले तेव्हा पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगनेच गेल्या. एकीकडे बंदूक घेऊन घरात शिरणारी व्यवस्था आणि एकीकडे आजारी माणसाला स्वतः उचलून नेणारी बाई. रोग एकच, भीती एकच, वागणं किती वेगळं!

ट्युनिस, १९०९: दवाखान्याच्या दारात थांबलेला रोग

आता खरा डिटेक्टिव्ह एपिसोड. टायफस नावाचा ताप. टायफॉइड वेगळा, गल्लत करू नका. युद्धात, तुरुंगात, दुष्काळात टायफस हमखास यायचा.

ट्युनिसमध्ये शार्ल निकोल पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुख होते. त्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. गावात रुग्णाच्या सोबतच्यांना टायफस होतो. दवाखान्यात रुग्णांना भरती करून घेणाऱ्यांना होतो. त्यांचे कपडे गोळा करणाऱ्यांना, धुणाऱ्यांना होतो. पण एकदा रुग्णाला आंघोळ घालून दवाखान्याचे कपडे चढवले आणि वॉर्डात झोपवलं, की पुढे कोणालाच होत नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही नाही!

म्हणजे रोग दारात काहीतरी मागे ठेवून आत येत होता. काय? अंगावरचे कपडे. आणि कपड्यात काय? उवा. डोक्यातल्या नाही. अंगावरची ऊ वेगळी असते. ती कपड्याच्या शिवणीत राहते, तिथेच अंडी घालते आणि फक्त रक्त प्यायला कातडीवर येते. १९०९ मध्ये निकोलने माकडांवर प्रयोग करून हे सिद्ध केलं. १९२८ चं नोबेल मिळालं त्याला.

लगेच याचा उपयोगही झाला. १९१४-१५ मध्ये सर्बियात टायफसने दीड लाखाच्या आसपास माणसं गेली. तिथे ब्रिटिश वैद्यकीय पथकाने एक जुगाड केला. लाकडी पिंपाच्या तळाला भोकं पाडली, ते उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलं, आत कपडे भरले आणि झाकण लावलं. वाफेने उवा आणि अंडी खलास. आता सांगा, हे चित्र ओळखीचं वाटतं का? आपल्या परटाची भट्टी वाफेवरच चालायची. नोबेलच्या कितीतरी आधीपासून.

आणि इथे पहिल्यांदा आपल्या प्रश्नाचं ठोस उत्तर मिळतं. अंगावरच्या उवेला रक्त मिळालं नाही तर ती साधारण आठवड्याभरात मरते. म्हणून जो माणूस निदान आठवड्याला कपडे बदलतो आणि धुतो, त्याच्या कपड्यात ती वस्तीच करू शकत नाही. ती राहते फक्त ज्याच्याकडे बदलायला दुसरा जोड नाही त्याच्याकडे. निर्वासित, कैदी, रस्त्यावर राहणारा माणूस. त्याला आळशी म्हणून आपण मोकळे होतो, पण प्रश्न दुसऱ्या जोडाचा असतो.

धोब्यावर ढकललेली खाज

आता थोडं हसू, आणि थोडं चिडू. इंग्रजांना इथल्या दमट हवेत जांघेत गजकर्ण व्हायचं. त्यांनी त्याला नाव काय दिलं? धोबी इच! म्हणजे धोब्याची खाज. का, तर म्हणे धोबी सगळ्यांचे कपडे एकत्र धुतो. हे नाव इंग्रजी डिक्शनरीत आजही आहे. खरं कारण बुरशी. ती घाम, घट्ट कपडे, एकमेकांचे टॉवेल आणि आधीच बाधा झालेल्या माणसाच्या स्पर्शाने पसरते. पण दोष कोणाच्या नावावर चढला, तर कपडे धुणाऱ्याच्या.

धोब्यामुळे खरंच त्रास झाल्याची एक केस मात्र आहे, आणि ती भन्नाट आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक भारतात होते. काहींच्या मानेवर मागे, कमरेवर, ठरावीक जागी खाज आणि फोड यायचे. १९४३ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी याचा छडा लावला. धोबी कपड्यांवर खूण करायला जी न पुसणारी काळी शाई वापरायचे, ती होती बिब्ब्याचा रस! आपल्याकडे कोणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं, अहो, बिब्बा उतलाय. जंतू नव्हताच तिथे, ॲलर्जी होती. खुणेच्या जागेवर फोड, इतका सरळ लॉग.

जंतू विकायला लागतात तेव्हा

जंतूंचा शोध लागल्यावर दुकानदार मागे कसे राहतील! लीव्हर ब्रदर्सने १८८४ मध्ये सनलाइट साबण आणला, मग १८९४ मध्ये लाइफबॉय, कार्बोलिकच्या त्या टिपिकल वासाचा. आपल्या आजी-आजोबांना तो वास म्हणजेच स्वच्छता वाटायची. मग १९५९ मध्ये भारतात सर्फ आलं. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी घराच्या अंगणात पावडर मिसळून सायकलवरून विकायला सुरुवात केली आणि मुलीच्या नावावरून नाव ठेवलं निरमा. ते स्वस्त होतं, म्हणून डिटर्जंट पहिल्यांदा साध्या घरांत पोचलं. हे मी खरंच चांगलं मानतो.

पण जाहिरातीत एक गोष्ट हळूच बदलत गेली. आधी डाग विकले, मग पांढरेपणा विकला, मग भीती विकायला लागले. २०२० मध्ये आपण सगळ्यांनी काय केलं आठवा. दूध आणून पिशवी धुतली, बाहेरून आलो की कपडे थेट बादलीत. तेव्हा माहिती कमी होती, काळजी घेणं बरोबरच होतं. पण एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनेच सांगितलं की वस्तूंना हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारण दहा हजारात एकापेक्षा कमी आहे. हवेचा रोग होता तो. तरी आजही काही घरांत लिफ्टच्या बटणाला हात लागला की शर्ट धुवायला जातो.

त्याची दुसरी बाजू म्हणजे कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठातला एक विद्यार्थी. त्याने १५ महिने एकच जीन्स न धुता वापरली. मग त्याच्या प्राध्यापिकेने जंतू मोजले. जीन्स धुतली, पुन्हा १३ दिवस वापरली, पुन्हा मोजले. आकडे जवळपास सारखेच! आणि होते बहुतेक त्याच्याच कातडीवरचे साधे जंतू. वास मात्र येत होता, तो मालवायला पठ्ठ्या जीन्स फ्रीजरमध्ये ठेवायचा. एकाच माणसाचा प्रयोग आहे, कायदा नाही. पण एवढं कळतं की वास म्हणजे रोग नव्हे, आणि जंतू म्हणजेही लगेच रोग नव्हे.

मग आज खरी भीती कशाची?

तुम्ही म्हणाल, मग बिनधास्त राहू. थांबा. एका गोष्टीत मी अजिबात बिनधास्त नाही आणि ती आपल्याच वयाच्या लोकांची आहे. गजकर्ण, नायटा. भारतात गेल्या काही वर्षांत याने त्वचेच्या डॉक्टरांना हैराण केलंय. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी एका बुरशीला नवीन नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच इंडिया आहे. या बुरशीच्या बऱ्याच प्रकारांवर नेहमीची गोळी नीट चालत नाही.

असं का झालं यात एक मोठा हात आहे मेडिकलमधून स्वतःच घेतलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा. दोन दिवस खाज थांबते, बुरशी आत मजेत वाढते. त्यात घट्ट जीन्स, हॉस्टेल, पीजी, एकच टॉवेल दोघांत, जिमचे ओले कपडे बॅगेत रात्रभर. इथे कपडे धुणं खरंच महत्त्वाचं आहे. आणि इथे कोमट पाण्याचा वॉश पुरत नाही. ही बुरशी आणि बाकी बरेच हट्टी जंतू मरायला साधारण ६० अंशांचं पाणी लागतं. ते नसेल तर कडक ऊन आणि गरम इस्त्री, विशेषतः शिवणींवरून. आपल्या आजीची पद्धत, बरं का.

म्हणून माझ्यापुरता हिशोब असा:

अंतर्वस्त्रं आणि मोजे रोज. यात चर्चा नाही.

घामाने भिजलेला शर्ट, जिमचे कपडे त्याच दिवशी. लगेच धुता येत नसतील तर निदान वाळत टाका, ओले कोंबू नका.

टॉवेल तीन-चार वापरांनंतर. प्रत्येकाचा वेगळा, आणि रोज कडकडीत वाळलेला.

बेडशीट, उशीची खोळ आठवड्याला.

जीन्स, जॅकेट, स्वेटर: मळलं, वास आला की. कॅलेंडर बघून नाही.

घरात कोणाला जुलाब, उलट्या, गजकर्ण, खरूज असेल तर त्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात. आणि ते धुणाऱ्याने नंतर हात साबणाने धुवायचे.

खाज पंधरा दिवसांत गेली नाही तर मेडिकलवाल्याला नाही, त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.

शेवटून दुसऱ्या मुद्द्यावर परत येतो, कारण आजच्या सगळ्या गोष्टींत तो माणूस आहे. ट्युनिसमध्ये टायफस कोणाला झाला? कपडे गोळा करणाऱ्यांना. लंडनमध्ये दुपटी कोण धूत होतं? आई. ओवळा कोण ठरला? परीट. खाजेला नाव कोणाचं? धोब्याचं. कपडे किती वेळा धुवायचे हे ठरवणारा एक असतो आणि धुणारे हात बऱ्याचदा दुसरेच असतात. पाणीही दुसरंच कोणीतरी भरतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं होतं. तिथे रोज जीन्स धुवायचा सल्ला कोण कोणाला देणार?

म्हणून या आठवड्यात एकच काम करा. तुमच्या घरी किंवा रूमवर कपडे कोण धुतं ते बघा. आई असेल, मावशी असतील, कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका असतील. आजाऱ्याचे कपडे त्यांच्याकडे देताना तसं सांगून द्या. पँटचे खिसे रिकामे करून द्या. आणि जे धुवायची गरज नाही ते देऊ नका.

तुमच्या घरचा नियम काय आहे, कमेंटमध्ये लिहा. रूममेटशी भांडण झालं असेल तर हा भाग त्याला पाठवा, माझं नाव सांगा. पुढच्या भागात भेटू. तोवर टॉवेल वाळत टाका!